लाट वजा जाता उरलेल्या सिरिमावो

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या कुणालाही रात्री दोनला उठवून विचारा, जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान कोण? डोळे चोळत उत्तर येईल: सिरिमावो भंडारनायके, श्रीलंका, १९६०. माझ्या भाचीला मी त्यापुढचा प्रश्न विचारला. त्यांनी केलं काय? ती म्हणाली, "मामा, एवढं खोलात विचारत नाहीत." मग जरा आठवून म्हणाली, "नवऱ्याचा खून झाला ना, म्हणून त्या झाल्या."

तिला दोष देण्यात अर्थ नाही. गाइडात तेवढंच असतं, आणि गाइडं न वाचणाऱ्या जाणत्या माणसांच्या डोक्यातही याहून फारसं वेगळं नसतं. नवरा गेला, लोक हळहळले, सहानुभूतीची लाट आली, बाई खुर्चीत बसल्या. आपल्याकडे एखादा आमदार वारला आणि पोटनिवडणुकीत त्याच्या पत्नीला तिकीट मिळालं की हीच चार वाक्यं नाव बदलून छापून येतात. माझं भांडण भाचीच्या वाक्यातल्या 'म्हणून'शी आहे.

आधी नाव. सिंहलीत ते बंडारनायक. आपण मधे 'भंडार' घालून ते आपल्या तोंडाला बसवून घेतलं. मूळ नाव सिरिमा, आणि 'वो' हा शेवटी लागणारा आदराचा प्रत्यय, आपल्या 'बाई' किंवा 'ताई'सारखा. घराणं रत्वत्ते, कँडीकडचं जुनं सरंजामी घराणं. शिक्षण कोलंबोच्या सेंट ब्रिजेट्स कॉन्व्हेंटमध्ये. १९४० साली सॉलोमन बंडारनायकांशी लग्न झालं.

२५ सप्टेंबर १९५९. कोलंबोतल्या रोझमीड प्लेसवरच्या बंगल्याच्या व्हरांड्यात पंतप्रधान बंडारनायके रोजच्यासारखे लोकांना भेटत होते. भेटायला आलेल्यांत भगव्या चिवरातला एक भिक्खू होता, तल्दुवे सोमाराम. बंडारनायके त्याला वंदन करायला वाकले आणि त्याने चिवरातून पिस्तूल काढलं. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान गेले. १९५६ मध्ये ज्या भिक्खूंच्या जोरावर ते निवडून आले होते, त्यांच्यातलेच एक बडे महंत कटाच्या मुळाशी निघाले. सिरिमावो त्या वेळी घरातच होत्या. वय ४३, तीन मुलं, धाकटा अनुरा दहा वर्षांचा.

इथपर्यंत गाइड बरोबर आहे. पुढचे आकडे मात्र लाटेच्या गोष्टीत बसत नाहीत.

मार्च १९६० मध्ये निवडणूक झाली तेव्हा खुनाला सहा महिनेही झाले नव्हते. हळहळ ताजी होती, सिरिमावो प्रचारातही उतरल्या होत्या. तरी त्यांच्या श्रीलंका फ्रीडम पार्टीला १५१ पैकी ४६ जागा मिळाल्या आणि ५० जागा घेऊन युनायटेड नॅशनल पार्टीचे (यूएनपी) डडली सेनानायके पंतप्रधान झाले. हे अल्पमतातलं सरकार महिन्याभरात कोसळलं. मग पक्षाची सूत्रं सिरिमावोंकडे आली, आणि जुलैच्या निवडणुकीत ४६ च्या ७५ जागा झाल्या. लाटच ना? थांबा. जुलैमध्ये सेनानायकांच्या पक्षाला मतं पडली सुमारे ३७ टक्के आणि जागा मिळाल्या ३०. सिरिमावोंच्या पक्षाला सुमारे ३३ टक्के मतं आणि ७५ जागा. ज्या निवडणुकीला जग अश्रूंची लाट म्हणतं, तीत जास्त मतं पडली ती विरोधकांना!

फरक पाडला तो जागावाटपाने. लंका सम समाज पक्ष आणि कम्युनिस्ट यांच्याशी समझोता झाला, एकमेकांविरुद्ध उमेदवार द्यायचे नाहीत असं ठरलं आणि डाव्या मतांची फाटाफूट थांबली. हे काम रुमालाने डोळे पुसून होत नाही. त्यासाठी मतदारसंघांची यादी पुढ्यात घेऊन बसावं लागतं आणि आपल्याच इच्छुकांना घरी पाठवावं लागतं.

अश्रूंचा वाटा नव्हताच असं नाही. प्रचारसभांत दिवंगत नवऱ्याच्या भाषणांच्या ध्वनिफिती वाजवल्या जात, बाई त्याला जोडून बोलत. पक्षाची मतं मार्चपेक्षा बरीच वाढली, ती काही नुसत्या समझोत्याने नव्हे. विरोधक त्यांना 'रडकी विधवा' म्हणून हिणवत. नात्यातल्याच एका पुरुषाने टोमणा मारला होता, की आजवर बाईंचा अंमल चुलीच्या जाळापलीकडे गेलेला नाही. वस्तुस्थिती अशी, की लंका महिला समितीच्या कामासाठी त्या १९४० च्या दशकापासून खेडोपाडी हिंडत होत्या. गावातल्या बायकांच्या अडचणी त्यांना मंत्रालयात बसणाऱ्या बहुतेक पुरुषांपेक्षा जवळून ठाऊक होत्या. तेव्हा नवऱ्याचा आवाज सभेत कुठे लावायचा आणि कुठे थांबवायचा हे त्यांना कळत होतं, असं मी धरून चालतो.

आणि वारशाचंच म्हणाल तर डडली सेनानायकांचं काय? १९५२ च्या मार्चमध्ये त्यांचे वडील, स्वतंत्र सिलोनचे पहिले पंतप्रधान डी. एस. सेनानायके, गॉल फेसच्या मैदानावर घोड्यावरून पडले आणि गेले. मुलगा लगेच पंतप्रधान झाला, दोन महिन्यांत निवडणूक घेतली, भरघोस जिंकला. त्यांच्यानंतर गादीवर आले ते जॉन कोटलावला, त्याच गोतावळ्यातले. यूएनपी म्हणजे 'अंकल-नेफ्यू पार्टी' हा विनोद तिथे उगाच रूढ झाला नाही. पण डडलींना कुणी 'रडका मुलगा' म्हटलं नाही. बाप गेल्यावर मुलगा पुढे येतो तेव्हा आपण त्याला वारसदार म्हणतो, नवरा गेल्यावर बायको पुढे येते तेव्हा लाट म्हणतो. वारसा दोघांकडेही चालत आलेला असतो, पण तिच्या वाट्याला फक्त नशीब लिहिलं जातं.

२१ जुलै १९६० ला त्यांनी शपथ घेतली. गंमत म्हणजे तेव्हा त्या लोकांतून निवडून आलेल्या नव्हत्या. त्यांनी निवडणूक लढवलीच नव्हती, पंतप्रधान झाल्यावर ऑगस्टमध्ये त्यांची सिनेटवर, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहावर, नेमणूक झाली. पुढे १९७१ मध्ये तेच सिनेट त्यांच्याच सरकारने मोडीत काढलं.

पहिल्या कारकिर्दीत त्यांनी सरकारी अनुदानावरच्या, बहुतांश चर्चच्या ताब्यातल्या शाळा सरकारजमा केल्या. सरकारी तेल महामंडळ काढून एसो, शेल, कॅल्टेक्सची मालमत्ता ताब्यात घेतली. अमेरिकेने १९६३ मध्ये मदत बंद केली, तरी बाई हलल्या नाहीत. जानेवारी १९६२ मध्ये लष्कर-पोलिसांतल्या काही अधिकाऱ्यांनी सरकार उलथवण्याचा बेत केला, तो काही तास आधी फुटला. त्याच वर्षी अर्थमंत्री फेलिक्स डायस बंडारनायके यांनी शिध्याच्या तांदळात कपात सुचवली आणि त्यांना पायउतार व्हावं लागलं. फेलिक्स हे नवऱ्याच्या नात्यातले. म्हणजे बाईंच्या मंत्रिमंडळातही गोतावळा होताच. डिसेंबर १९६२ मध्ये भारत-चीन युद्धानंतर त्यांनी सहा अलिप्त देशांची परिषद कोलंबोत भरवली आणि तिथले प्रस्ताव घेऊन त्या स्वतः पेकिंग आणि दिल्लीला गेल्या. सीमाप्रश्न सुटला नाही, तो अजून सुटलेला नाही. पण सत्तेत येऊन अडीच वर्षंही न झालेली, 'चुलीपलीकडे न गेलेली' बाई चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय आणि नेहरू यांच्यात मध्यस्थी करत होती.

याच सुमारास एक विनोद फिरू लागला, मंत्रिमंडळात पुरुष एकच, त्या पंतप्रधान बाई. तो इंदिरा गांधींवर सांगितला गेला, इस्रायलच्या गोल्डा मेयर यांच्यावरही. सांगणाऱ्याला वाटतं आपण कौतुक करतोय.

आता अवघड भाग. मला या लेखात खरं तर हेच म्हणायचं आहे. 'विधवेची लाट' ही समजूत सिरिमावोंचं श्रेय खाते, हे झालंच. त्याहून वाईट म्हणजे ती त्यांचा दोषही पोटात घालते. बाई काय, नवऱ्याचं धोरण पुढे चालवत होत्या, असं म्हटलं की तमिळांच्या बाबतीत जे झालं त्याचं खातं मेलेल्या नवऱ्याच्या नावावर टाकून मोकळं होता येतं.

नवऱ्याने १९५६ मध्ये 'सिंहली हीच राजभाषा' हा कायदा केला, हे खरं. पण १९५७ मध्ये त्यांनीच तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार करून तमिळला थोडी जागा देऊ केली होती. भिक्खूंच्या दबावाखाली वर्षभरात तो त्यांना फाडावा लागला. म्हणजे सिरिमावोंच्या हाती दोन वारसे आले होते, कायद्याचा आणि फसलेल्या कराराचा. १९६० च्या वसंतात डडलींचं सरकार पाडताना चेल्वनायकम यांचा फेडरल पक्ष सिरिमावोंच्या पक्षाच्या बाजूने उभा राहिला, तो या दुसऱ्या वारशाच्या आशेवर. जुलैत स्वबळावर सरकार बसवण्याइतक्या जागा मिळाल्या आणि त्या मित्राची गरज संपली. १ जानेवारी १९६१ पासून कारभार सिंहलीत सुरू झाला.

जाफन्यात लोक कचेरीच्या दारात बसले. कचेरी हा आपलाच शब्द, तिथेही जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयाला तेच म्हणतात. फेब्रुवारीपासून दोन महिने सत्याग्रह चालला. एप्रिलमध्ये चेल्वनायकम यांनी स्वतःची टपालसेवा काढून स्वतःची तिकिटं विकायला सुरुवात केली. सरकारने आणीबाणी लावली, लष्कर पाठवलं, पुढाऱ्यांना स्थानबद्ध केलं. मराठी माणसाने हे वाचताना बेळगाव जरूर आठवावं, पण दोन्ही बाजूंनी आठवावं. भाषेच्या प्रश्नात आपण कधी बहुसंख्य असतो, कधी अल्पसंख्य, आणि आपली तत्त्वं त्याप्रमाणे कूस बदलतात.

मग ऑक्टोबर १९६४. दिल्लीत लालबहादूर शास्त्रींशी करार. प्रश्न होता चहाच्या मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या भारतीय वंशाच्या तमिळांचा. १९४८ मध्ये स्वातंत्र्य मिळताच सेनानायके सरकारने त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं होतं. माणसं धरली ९,७५,०००. त्यांतली ५,२५,००० भारताने घ्यायची, ३,००,००० सिलोनने. उरलेल्या १,५०,००० चं नंतर बघू. ते 'नंतर' १९७४ मध्ये आलं, तेव्हा सिरिमावो आणि इंदिरा गांधी यांनी त्यांचे ७५-७५ हजार असे सरळ दोन वाटे केले. पोती वाटून घ्यावीत तसे. सिलोनखेरीज दुसरा देश न पाहिलेली कुटुंबं ट्रंका घेऊन तलैमन्नारच्या बोटीत चढली आणि रामेश्वरला उतरली. त्यांच्या पुनर्वसनासाठी तमिळनाडू सरकारने निलगिरीत चहाचे मळे उभारले, म्हणजे पुन्हा चहाच. मळ्यात पानं खुडणारे हात बहुतांशी बायकांचे. जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधानांनी त्यांच्यातल्या एकीलाही, बाई गं, तुला कुठे राहायचंय, असं विचारलं नाही. शास्त्रींनीही नाही. पण 'पहिली महिला' ही पदवी शास्त्रींना कुणी लावत नाही.

डिसेंबर १९६४ मध्ये वर्तमानपत्रांवर ताबा आणू पाहणाऱ्या विधेयकावरून त्यांचेच ज्येष्ठ सहकारी सी. पी. डी सिल्वा काही खासदार घेऊन फुटले आणि सरकार एका मताने पडलं. १९६५ मध्ये पराभव झाला. सहानुभूतीची लाट असेलच तर ती इथे संपली. १९७० मध्ये डाव्यांना घेऊन त्या परतल्या तेव्हा दोन तृतीयांशांहून जास्त जागा घेऊन परतल्या, आणि तेव्हा नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं होत आली होती.

ही दुसरी कारकीर्द जास्त मोठी, जास्त कडवी. मेडिकलला जायचं तर १९७१ च्या सुमारास तमिळ माध्यमाच्या मुलाला ४०० पैकी २५० गुण लागत आणि सिंहली माध्यमाच्या मुलाला २२९. कटऑफ हा शब्द ज्यांच्या घरात रडारड घडवतो त्या मराठी पालकांना मी या २१ गुणांचा अर्थ सांगायची गरज नाही. १९७२ मध्ये सिलोन प्रजासत्ताक होऊन श्रीलंका झाला, नव्या घटनेत बौद्ध धर्माला अग्रस्थान मिळालं आणि अल्पसंख्याकांना जुन्या घटनेत असलेलं संरक्षण गळालं. घटनेचे शिल्पकार होते कॉल्विन आर. डी सिल्वा. एक भाषा ठेवाल तर दोन राष्ट्रं होतील, दोन भाषा ठेवाल तर एक राष्ट्र राहील, असा इशारा १९५६ च्या वादात देणारे तेच हे गृहस्थ. १९७५ मध्ये जाफन्याचे महापौर अल्फ्रेड दुरैअप्पा यांना गोळ्या घातल्या गेल्या. ते तमिळ होते आणि सिरिमावोंच्या पक्षाचे होते. मारेकऱ्यांत विशी-एकविशीतला एक पोरगा होता, वेलुपिळ्ळै प्रभाकरन. पुढच्या वर्षी वड्डुकोड्डैला तमिळ पक्षांनी वेगळ्या ईलमचा, म्हणजे स्वतंत्र तमिळ राष्ट्राचा, ठराव केला.

यादवी युद्ध १९८३ मध्ये, त्यांच्या विरोधकांच्या राजवटीत पेटलं, आणि त्या राजवटीचे हात कमी बरबटलेले नाहीत. पण सरण रचणाऱ्यांत सिरिमावो होत्या. त्या कुणाची बाहुली नव्हत्या, हे एकदा मान्य केलं की हेही मान्य करावं लागतं.

त्यांना तरुणांच्या बंडाचा फटकाही बसला. एप्रिल १९७१ मध्ये जनता विमुक्ती पेरमुण, म्हणजे जेव्हीपी, या संघटनेच्या सिंहली तरुणांनी देशभर पोलीस ठाण्यांवर हल्ले चढवले. सरकार हादरलं. मदतीला भारताची हेलिकॉप्टरं आली, पाकिस्तानचीही आली. बंड चिरडताना हजारो पोरं मारली गेली. त्यानंतर जमीनधारणेवर ५० एकरांची मर्यादा आली, १९७५ मध्ये परदेशी कंपन्यांचे चहामळे सरकारजमा झाले. या कायद्यात स्वतःच्या सरंजामी माहेरच्या जमिनीही गेल्या, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

पण तेलाचे भाव भडकले, आयात बंद, पावासाठी पहाटेपासून रांगा. दोन मापांहून जास्त तांदूळ एका जिल्ह्यातून दुसरीकडे नेला तर रस्त्यावरच्या नाक्यावर पिशवी तपासली जाई. त्यातच नव्या घटनेच्या आधाराने संसदेची मुदत दोन वर्षं पुढे ढकलली. १९७६ च्या ऑगस्टमध्ये चीनने बांधून दिलेल्या भव्य सभागृहात अलिप्त देशांची शिखर परिषद भरली, जगभरचे नेते कोलंबोत उतरले, बाईंच्या कीर्तीचा कळस झाला. अकरा महिन्यांनी निवडणूक झाली आणि पक्षाचे १६८ पैकी आठ खासदार उरले. मतं जवळपास ३० टक्के होती. १९६० मध्ये ज्या पद्धतीने ३३ टक्क्यांत सत्ता दिली, तिनेच आता ३० टक्क्यांत धूळ चारली.

१९८० मध्ये यूएनपीच्या जयवर्धने सरकारने चौकशी आयोग नेमून त्यांचे नागरी हक्क सात वर्षांसाठी काढून घेतले आणि त्यांना संसदेबाहेर काढलं. आरोपांत संसदेची मुदत वाढवल्याचाही मुद्दा होता. याच जयवर्धन्यांनी १९८२ मध्ये सार्वमत घेऊन आपल्या संसदेची मुदत सहा वर्षांनी वाढवून घेतली.

आपल्या अंगणातलं उदाहरण गोव्याचं. १९७३ च्या ऑगस्टमध्ये भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि त्यांची मुलगी शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. तिथेही 'भाऊंची मुलगी' एवढंच आठवलं जातं. कुळांना कसत्या जमिनीची मालकी देणारी १९७६ ची दुरुस्ती ताईंच्या सरकारने केली, हे सांगणारा विरळा. महाराष्ट्र तर सिरिमावोंच्या शपथविधीआधी एक्याऐंशी दिवस जन्माला आला, आणि आपल्याला अजून महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही, वारशाने नाही की वारशाविना नाही. सरपंचपती मात्र आपण गावोगाव निर्माण केले.

पहिली बाई वर पोचली की मागच्यांसाठी दार उघडतं, असं आपण भाषणांत म्हणतो. श्रीलंकेत १९३१ पासून बायकांना मत आहे, १९६० मध्ये पंतप्रधान आहे, १९९४ मध्ये चंद्रिका कुमारतुंगांच्या रूपाने महिला राष्ट्राध्यक्षही आहे. २०२० च्या संसदेत बायका किती? २२५ मध्ये १२. दार उघडलं ते एका घरापुरतं. २०२४ मध्ये हरिनी अमरसूर्या पंतप्रधान झाल्या, प्राध्यापक बाई, ना कुणाची विधवा ना कुणाची मुलगी म्हणून. त्यांना तिथे आणणाऱ्या आघाडीचा कणा आहे जेव्हीपी, १९७१ मध्ये सिरिमावोंच्या पोलीस ठाण्यांवर चालून गेलेली तीच संघटना.

सिरिमावोंची तिसरी खेप १९९४ ची. मुलगी राष्ट्राध्यक्ष, तिने आईला पंतप्रधान केलं. पण १९७८ च्या घटनेने सगळी सत्ता राष्ट्राध्यक्षाकडे गेली होती आणि पंतप्रधानपद नावापुरतं उरलं होतं. ७८ वर्षांच्या बाई व्हीलचेअरमधून कामकाज पाहत. ऑगस्ट २००० मध्ये प्रकृतीमुळे त्यांनी पद सोडलं. १० ऑक्टोबरला संसदेचं मतदान होतं. त्या गेल्या, मत दिलं आणि कोलंबोकडे परत निघाल्या. वाटेत कडवतला गाडीतच हृदयविकाराचा झटका आला. देशभर मतदान अजून चालू होतं.